जॉन्सन ९.९, लाँग शाफ्ट: इंजिन झकास, सोबतचं ब्रॅकेट भंगारात

जॉन्सन ९.९ म्हणजे नावेच्या मागे टांगायचं ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन, आउटबोर्ड. त्याला पाचपैकी चार. ते उंच टांगायला विकणारे जोडीला जे तयार लोखंडी ब्रॅकेट देतात त्याला एक, तोही वेल्डिंग सरळ असेल तर.

खान्देशातून जुनं आउटबोर्ड शोधायला निघालेला माणूस बहुधा अलंग (गुजरातेतला जहाजं मोडायचा किनारा) नाहीतर मुंबई गाठतो, हॉर्सपॉवर विचारतो, दोरी ओढून बघतो आणि टेम्पोत टाकून आणतो. शाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात जाणाऱ्या पायाची, लांबी विचारायची राहून जाते. मग प्रकाशा बॅरेजच्या पाण्यात नाव उतरली की तक्रार ठरलेली: ‘इंजिन बोंबलस, पन नाव सरकस नई.’ प्लग बदलतात, कार्ब्युरेटर उघडतात. कार्ब्युरेटरचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो, इंजिन चुकीच्या उंचीवर टांगलेलं असतं.

आधी इंजिनाचं. हे दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मॉडेल १९७४ साली आलं. एव्हिनरूडचं ९.९ म्हणजे हेच इंजिन. दोन्ही नावं एकाच कंपनीची, झाकण आणि स्टिकर वेगळं. ती कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, तरी वॉटर पंपाचं किट, कॉइल, गॅस्केट अजून मिळतात आणि जुन्या इंजिनाच्या बाबतीत एवढं बास. तेलाचं प्रमाण ५० ला १, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १०० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डच्या टू-स्ट्रोक तेलाची खूण) लिहिलेलं घ्या; स्कूटरचं टू-टी यात नको. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या पहिल्या दिवशीच बदला. घेताना खालच्या गिअरचा स्क्रू सोडून तेल बघा. ते दुधाळ असेल तर सील गेलंय, भाव पाडा. एक गुण कापला तो या वयाच्या दुखण्यांसाठी.

आता उंची. शॉर्ट शाफ्ट १५ इंच, म्हणजे ३८ सेंमी. लाँग २० इंच, ५१ सेंमी. माप घ्यायचं ते इंजिनाच्या क्लॅम्पचा आकडा नावेच्या मागच्या फळीवर जिथे टेकतो तिथून, पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटपर्यंत. पंख्याच्या टोकापर्यंत मोजून ‘लाँग आहे’ म्हणून शॉर्ट गळ्यात मारणारे भेटतात. सावकाश चालणाऱ्या, मासेमारीच्या नावेला ही प्लेट तळाच्या २ ते ५ सेंमी खाली हवी. वेगाने पाण्यावर उठून पळणाऱ्या हलक्या फायबर बोटीला तळाच्या सरळ रेषेत, फार तर अडीच सेंमी खाली.

मागची फळी ४० सेंमी असेल आणि लाँग शाफ्ट तसंच अडकवलं, तर प्लेट ११ सेंमी खाली जाते. नाव चालते, पण पाय पाण्याला अडतो, पाणी उडून इंजिनाच्या अंगावर येतं, हँडल जड होतं आणि पहिला दगड पंखाच खातो. यावर उपाय म्हणून ते लोखंडी ब्रॅकेट. ते उचलतं २० सेंमी! म्हणजे प्लेट तळाच्या ९ सेंमी वर. पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं, थंड पाण्याची धार बारीक होते आणि वॉटर पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडं फिरून बघता बघता जळतं. शिवाय ३ मिमी पत्रा जोरात लवतो, आणि गुळगुळीत लोखंडावर क्लॅम्प सरकतो. गरज फक्त ८ सेंमीची होती.

त्यापेक्षा वाढीव फळी सुताराकडून करून घ्या. १९ मिमीचे मरीन प्लायचे दोन तुकडे एपॉक्सीने चिकटवून ३८ मिमी जाडी. रुंदी ३५, उंची ३० सेंमी. त्यातली ८ सेंमी जुन्या फळीच्या वर, २२ सेंमी बाहेरून तिच्यावर. प्लायच्या कडांना एपॉक्सीचे दोन हात द्या, कारण पाणी पिणार ते कडेतूनच.

गोची पुढे आहे. हे इंजिन मागे झुकलेल्या फळीसाठी बनलेलं, साधारण १२ अंशांच्या. आपल्याकडच्या पत्र्याच्या नावांची फळी बऱ्याचदा ओळंब्यात उभी. तशीच बसवली तर पंखा मागे फेकला जातो, नाक वर उचलतं आणि मागून नाव बसते. म्हणून वाढीव फळीमागे सागाची पाचर हवी: खाली शून्य, वर ३ सेंमी. उरलेलं दोन-चार अंश टिल्ट पिनच्या (इंजिनाचा कल ठरवणाऱ्या खिळीच्या) सगळ्यात आतल्या भोकाने निघतं. पाचरीचं जाड तोंड वर! उलटी ठोकली तर दुखणं दुप्पट.

क्लॅम्पच्या स्क्रूंच्या चकत्या आकड्याच्या बऱ्याच खाली येतात. वर फक्त ८ सेंमी असल्याने त्या जुन्या फळीच्या माथ्यावर अडतात. तिथे क्लॅम्पच्या रुंदीएवढी खाच घ्यावी लागते आणि पाचरही त्या खाचेखालीच थांबवावी लागते. इंजिन धरून, पेन्सिलीने खूण करून मगच करवत लावा.

बोल्ट १० मिमीचे स्टेनलेस, चार, आरपार. आतून वायसरऐवजी ५ मिमी ॲल्युमिनियमची सलग पट्टी. भोकांत पॉलियुरेथेन सीलंट. एम-सील थरथरीला तडकतं. चकत्या टेकतात तिथे ३ मिमी ॲल्युमिनियम, नाहीतर स्क्रू प्लायमध्ये रुततात आणि ढिले पडतात. साखळी क्लॅम्पला बांधली तरी तिचं दुसरं टोक वाढीव फळीला नको, नावेच्या अंगातल्या वेगळ्या आय-बोल्टला हवं. फळीच सुटली तर इंजिन तिच्यासकट तापीत जाईल.

माप डोळ्यांनी घेऊ नका. नाव जमिनीवर लेव्हल करा, तळाला दोन मीटरची सरळ पट्टी लावून ती मागे काढा आणि प्लेटपासून तिचं अंतर मोजा. प्लेट तळाला समांतर आहे का तेही तिथेच कळतं. तळाला कणा असून तो थेट मागपर्यंत येत असेल, तर त्याच्यामागे फेसाळ पाणी पंख्यात जातं. शेवटची ३० सेंमी तो उतरता करा.

मग पाण्यात, नेहमीची माणसं आणि जाळी भरून. पूर्ण जोरात असताना मागे वाकून प्लेट बघा: पाणी तिच्यावरून नुसतं पातळ धुऊन गेलं पाहिजे. प्लेट उघडी पडून वळणावर इंजिन एकदम ओरडलं तर एक सेंमी खाली. प्लेट दिसतच नसेल आणि पाण्याचा पिसारा उठत असेल तर आकड्याखाली १२ मिमी प्लायची पट्टी घालून वर. अर्ध्या तासाने क्लॅम्प पुन्हा आवळा, नवं लाकूड दबलेलं असतं.

पाणी बदललं की माप बदलतं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात पूर्णेचा गाळ साचलेला. तिथे प्लेट दोनच सेंमी खाली ठेवा, कारण पाणी ओढायची जाळी प्लेटच्या खाली असते आणि गाळ तिच्यातूनच इम्पेलरला जातो. घरी आल्यावर पिंपात स्वच्छ पाण्यावर पाच मिनिटं चालवा. अक्कलकुवा-धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यात पाणी खोल आणि वाऱ्याला लाट उठते. तिथे पाच सेंमी, नाहीतर प्रत्येक लाटेला पंखा उघडा पडेल.

फळी ३३ ते ३६ सेंमीची असेल आणि शॉर्ट शाफ्ट मिळत असेल तर तेच घ्या. वाढीव फळीची गरजच नाही, पाचर मात्र चुकणार नाही. फळीची जाडी आणि पाचर मिळून क्लॅम्पच्या जबड्यात मावते का, एवढं मोजा.