बारा हजारांचा होम थिएटर संच: दुकानाची फिटिंग आणि घरची जोडणी

नवी पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बारा ते पंधरा हजारांच्या दरम्यान ‘5.1 होम थिएटर’ या नावाने जे संच मांडलेले असतात, त्यांपैकी एक गेल्या दिवाळीत जुळे सोलापुरातील आमच्या घरी आला. टीव्हीखाली ठेवायचा लांबट साउंडबार, त्यातच डावा, मधला आणि उजवा असे तीन चॅनल, म्हणजे आवाजाच्या तीन स्वतंत्र वाटा, एक वायरलेस सब-वूफर, म्हणजे खर्जाचा डबा, आणि त्या सब-वूफरला वायरने जोडायचे दोन छोटे मागचे स्पीकर, अशी त्याची रचना आहे; पाच चॅनल आणि एक सब-वूफर म्हणून 5.1. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतील बहुतेक संच रचनेने इतके सारखे आहेत की पुढे लिहिलेले बरेचसे त्या सगळ्यांना लागू पडावे, आणि माझी तक्रार संचापेक्षा त्याच्या जोडणीविषयी अधिक आहे. पैशाच्या मानाने संच चांगला आहे. मात्र दुकानाचा माणूस तो ज्या अवस्थेत जोडून देतो, त्या अवस्थेत त्याची निम्मी किंमत वाया जाते.

खरेदी करताना खोक्यावरील वॉटच्या आकड्याकडे पाहण्यात अर्थ नाही. आमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 500 वॉट लिहिले आहे. त्यातले 300 वॉट बारचे, असे माहितीपत्रक सांगते. परंतु त्याच बारच्या अ‍ॅडॅप्टरवर 18 व्होल्ट आणि 2.5 अँपिअर असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. दोहोंचा गुणाकार 45 वॉट होतो, आणि जो अ‍ॅडॅप्टर 45 वॉट पुरवतो त्याच्यावर चालणारा बार सलग त्याहून जास्त आवाज कोठून देणार? एके काळी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे हजारांचे आकडे छापत असत, त्याचाच हा सुधारलेला अवतार समजावा. बारा बाय सोळा फुटांच्या हॉलला 45 वॉट पुरून उरतात, त्यामुळे याचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

पाहायची ती पाठीमागची बाजू. तिथे ‘एचडीएमआय एआरसी’ असे लिहिलेले सॉकेट, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बारकडे आणण्याची सोय, असले पाहिजे आणि संचाच्या माहितीत डॉल्बी डिजिटलचा, म्हणजे अनेक चॅनलचा आवाज आवळून पाठवण्याच्या पद्धतीचा, उल्लेख असला पाहिजे. याहून दोन-तीन हजारांनी स्वस्त असलेल्या, टॉवर स्पीकरच्या किंवा चौकोनी डब्यांच्या अनेक संचांवरही 5.1 लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्यांना ब्लूटूथ, यूएसबी आणि ऑक्स एवढेच असते. ब्लूटूथ आणि ऑक्स या दोन्ही वाटांनी टीव्हीचा आवाज फक्त डावा आणि उजवा असा दोनच चॅनलचा येतो, आणि तोच आवाज पाच डब्यांत वाटून दिला जातो. मागच्या स्पीकरमधून आवाज येतो म्हणून माणूस समाधानी राहतो, पण तो समोरच्याच आवाजाची नक्कल असतो. काही संचांना ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या केबलने आवाज घेणारे, सॉकेट असते. त्यातून डॉल्बी डिजिटलचा खरा 5.1 आवाज जाऊ शकतो. ओटीटीवर आता सर्रास वापरला जाणारा डॉल्बी डिजिटल प्लस मात्र त्यातून जात नाही, टीव्हीने तो आधी बदलून द्यावा लागतो. एआरसीची सोय 2009 साली एचडीएमआयच्या 1.4 आवृत्तीबरोबर आली, त्यामुळे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बहुतेक टीव्हींवर ती सापडेल. नुसत्या एआरसीने या संचाचे काम भागते. 2017 मध्ये आलेल्या ईएआरसी या त्याच्या सुधारित रूपासाठी या किमतीत जास्तीचे पैसे मोजू नयेत.

आता फिटिंगविषयी. दुकानाने मोफत फिटिंगचे आश्वासन दिले होते आणि दुसऱ्या दिवशी एक तरुण मुलगा वेळेवर आलाही. त्याने खोके उघडले, बार टीव्हीखाली ठेवला, सब-वूफर शोकेसच्या कोपऱ्यात सरकवला, मागचे दोन्ही स्पीकर टीव्हीच्याच दोन बाजूंना उभे केले, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ऑक्सची वायर बारला लावली आणि आवाज पूर्ण वाढवून दाखवला. एचडीएमआयची केबल खोक्यात तशीच राहिली होती. ती का लावली नाही असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले, “काका, आवाज दणदणीत येतोय की! त्या केबलनं काय वेगळं होत नाही ओ.” मुलगा अदबीने बोलणारा होता आणि दोष त्याचा एकट्याचा म्हणता येणार नाही, दिवसाला अशी अनेक घरे उरकायची असली की जे सर्वांत लवकर वाजते तेच जोडले जाते. तरीही दुकानाने ‘फिटिंगसह’ म्हणून विकलेल्या सेवेत ग्राहकाला बारा हजारांत दोन चॅनलचा आवाज मिळाला, ही गोष्ट उरतेच. दुकानाच्या मालकांना फोनवर हे सांगितले, तेव्हा सगळेच असे जोडतात, असे उत्तर मिळाले.

पुढची जोडणी घरीच केली आणि ती मुळीच अवघड नाही. टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय सॉकेट असले तरी ‘एआरसी’ हे अक्षर सहसा एकाच सॉकेटवर असते. केबलचे एक टोक तिथेच आणि दुसरे बारच्या एआरसी सॉकेटमध्ये गेले पाहिजे. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे केबलने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालवण्याची सोय, चालू करावी लागते. टीव्ही कंपन्यांनी तिला आपापली नावे दिली आहेत: सॅमसंगवर ती एनीनेट प्लस असते, एलजीवर सिम्प्लिंक आणि सोनीवर ब्राव्हिया सिंक. ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की बारही बंद होतो. सासूबाईंच्या दृष्टीने संपूर्ण संचातील ही एकमेव उपयुक्त सुधारणा आहे.

खरी मेख याच्या पुढे आहे. केबल योग्य जागी लागली, बारच्या पडद्यावर ‘एआरसी’ उमटले, तरी आवाज दोनच चॅनलचा राहू शकतो. कारण टीव्हीमधील ‘डिजिटल साउंड आउट’ हा पर्याय अनेकदा ‘पीसीएम’वर, म्हणजे न आवळलेल्या आवाजावर, असतो, आणि एआरसीवरून पीसीएम फक्त दोन चॅनलचाच जातो. तो पर्याय बदलून ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ करावा लागतो. आमच्या टीव्हीवर तो साउंडच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या नावाखाली तिसऱ्या पानावर दडलेला होता. तो बदलून ओटीटीवरील 5.1 चिन्ह असलेला चित्रपट लावला, तेव्हा बारच्या पडद्यावर दोन-तीन सेकंद ‘डॉल्बी’ ही अक्षरे आली आणि पावसाच्या दृश्यात सोफ्याच्या मागून पाऊस पडू लागला. ही अक्षरे दिसत नसतील तर जोडणीत किंवा सेटिंगमध्ये कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे. यूट्यूबवरील ‘5.1 टेस्ट’ नावाच्या चित्रफितींवर मात्र विसंबू नये. त्या बहुतेक वेळा दोन चॅनलमध्येच ऐकू येतात. मराठी मालिकाही आमच्या सेट-टॉप बॉक्सवरून दोनच चॅनलमध्ये येतात, त्यामुळे रात्री साडेआठला मागचे स्पीकर गप्प बसले तर ते बिघडलेले नाहीत.

ओठ आणि शब्द यांची गाठ पडत नसेल तर टीव्हीतील किंवा बारमधील ‘एव्ही सिंक’ पाहावे. तो आवाज आणखी उशिरा पाठवू शकतो, आधी पाठवू शकत नाही. म्हणून आवाज चित्राच्या पुढे धावत असेल तरच त्याचा उपयोग. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो आणि त्यावर केबल लावणे हाच इलाज आहे.

मागच्या स्पीकरच्या वायरी हा या संचातील सर्वांत कच्चा दुवा. माहितीपत्रकावरील चित्रात सब-वूफर टीव्हीजवळ आणि छोटे स्पीकर सोफ्यामागे दाखवले आहेत, पण सब-वूफरपासून निघणारी वायर जेमतेम चार मीटरची आहे. भिंतीच्या कडेने, दरवाजा चुकवून नेली तर ती सोफ्यापर्यंत पोहोचत नाही. सब-वूफर वायरलेस असल्यामुळे त्याला सोफ्याजवळ आणणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातून 0.75 चौरस मिलिमीटरची लाल-काळी जोडवायर आणून वायर वाढवणे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. वाढवलेल्या सांध्यावर रंग बदलला की अधिक-उणे उलटे होण्याची शक्यता असते, आणि तसे झाल्यास दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध चालून आवाज पोकळ, दिशाहीन वाटतो. याची परीक्षा सोपी आहे. संच बंद करून वायरीची सब-वूफरकडील टोके मोकळी करावीत, स्पीकरची जाळी काढावी आणि घड्याळात घालतो त्या 1.5 व्होल्टच्या सेलचे अधिक टोक लाल वायरीला व उणे टोक काळ्या वायरीला क्षणभर टेकवावे. बारीक ‘टक्’ असा आवाज येऊन पडदा बाहेरच्या दिशेला सरकला तर जोडणी सरळ. आत गेला तर कुठेतरी उलटली आहे. आमच्या डाव्या स्पीकरचा पडदा आत गेला, कारण स्पीकरच्या क्लिपमध्ये कंपनीकडूनच आलेल्या वायरीची पांढरी रेघ असलेली तार लालऐवजी काळी समजून धरलेली होती. टोके बदलताच काम झाले.

जागेविषयी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस सर्वत्र मानली जाते, तिच्यानुसार समोरचे डावे-उजवे स्पीकर ऐकणाऱ्यापासून दोन्हीकडे 30 अंशांवर आणि मागचे सुमारे 110 अंशांवर असावेत. म्हणजे ‘मागचे’ स्पीकर पाठीमागे नसून कानाच्या किंचित मागे, बाजूला असतात. सोफा भिंतीला टेकलेला असणाऱ्या आपल्याकडील घरांना ही रचना सोयीची आहे. आमच्याकडे उजव्या बाजूला स्वयंपाकघराचे दार असल्याने उजवा स्पीकर डाव्याहून हातभर जवळ आला. चांगल्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या वेगळ्या यंत्रात, प्रत्येक स्पीकरचे अंतर भरता येते, आणि 34 सेंटिमीटरला साधारण एक मिलिसेकंद या हिशेबाने तो आवाज थोपवून धरतो. या संचात तशी सोय नाही, मागच्या दोन्ही स्पीकरचा आवाज एकत्र वाढवणे किंवा कमी करणे एवढेच हाती आहे. या किमतीत हे अपेक्षित असले तरी उणीव ती उणीवच.

खोलीचा हिशेब मात्र कंपनीच्या हातात नसतो. वर स्लॅब, खाली फरशी आणि चारी बाजूंना गिलावा केलेल्या उघड्या भिंती अशा हॉलमध्ये कोणताही संच किणकिणतो. इथे सोलापूरकरांना बाहेर धावण्याची गरज नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली जाड जकार्ड चादर सोफ्यामागच्या भिंतीवर, भिंतीपासून थोडे अंतर सोडून आणि चुण्या पाडून टांगली, समोर सतरंजी अंथरली, आणि संवादांतील ‘स’ व ‘श’ टोचायचे थांबले. चादर फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषते. खालच्या घुमाऱ्यावर तिचा काही परिणाम होत नाही. बारा फुटांच्या रुंदीत सुमारे 47 हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि सब-वूफर कोपऱ्यात असला तर तो अधिकच फुगतो. फिटिंगवाल्याने निवडलेल्या कोपऱ्यात ढोल वाजला की शोकेसची काच थरथरत असे. त्यावर जुना उपाय आहे: सब-वूफर क्षणभर सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवावा, एकसारखा खर्ज असलेले गाणे लावावे, आणि आपण भिंतीकडेने खाली वाकून फिरावे, जिथे खर्ज स्वच्छ आणि सुटा ऐकू येईल तिथे सब-वूफर कायमचा ठेवावा. घरचे हसतात, पण आमच्याकडे तो कोपऱ्यातून अडीच फूट पुढे आला आणि काच गप्प झाली.

संच चालू असताना मंद ‘हूंऽऽ’ ऐकू येत असेल, तर सेट-टॉप बॉक्सची डिशकडून येणारी वायर काढून पाहावी. ती काढताच आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, संचात नाही, आणि वायरमनला बोलवावे. संचाला स्टॅबिलायझर लागत नाही, चांगला स्पाइक गार्ड पुरे.

आता वाजण्याविषयी. मधला चॅनल स्वतंत्र असल्याने संवाद स्पष्ट येतात आणि रिमोटवरील ‘सेंटर’ दोन घरांनी वाढवला की आणखी स्पष्ट येतात. पूर्व भागात राहणारे आमचे स्नेही तेलुगू चित्रपट पाहायला मुद्दाम येतात. त्यांच्या घराशेजारी यंत्रमाग चालतात आणि त्या खडखडाटात टीव्हीवरील संवाद विरून जातात, म्हणून त्यांनीही हाच संच घेतला आणि ‘सेंटर’ आमच्याहून वर ठेवला. हाणामारी आणि पाऊस यांत संच रंगतो. गाण्यांना मात्र तो तोकडा पडतो; पेटीचा भरीवपणा बारच्या इवल्या स्पीकरांतून येत नाही, आणि अभंग ऐकायला आम्ही अजूनही जुना दोन स्पीकरांचा स्टीरिओच लावतो. आवाज तीन-चतुर्थांशाच्या पुढे नेल्यास बार ओरडू लागतो.

ज्यांना मुख्यतः गाणी ऐकायची आहेत त्यांनी याच पैशांत दोन चांगले स्पीकर पाहावेत. ज्यांच्या टीव्हीला एआरसी नाही त्यांनी ऑप्टिकल असलेला संच शोधावा. बाकीच्यांनी पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला टीव्हीवर एचडीएमआय केबलने जोडून, बारच्या पडद्यावर ‘डॉल्बी’ ही अक्षरे दाखवायला सांगावे, आणि सोलापुरात दुरुस्ती कुठे होते ते बिलाच्या मागे लिहून घ्यावे. आमच्या संचाचा रिमोट अडकला तेव्हा तो पुण्याला पाठवावा लागला आणि परत येईपर्यंत ‘सेंटर’ वाढवण्याचा दुसरा कोणताही मार्ग बारवर नव्हता.