वाढलेलं वजन लपवायला गेले आणि ६१,५०० रुपये घालवून बसले

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं असेल, काही वर्षांनी काटा पुन्हा वर चढायला लागला असेल आणि सर्जनकडे जायची लाज वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

माझं ऑपरेशन २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात झालं. स्लीव्ह म्हणतात त्याला. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद पिशवी ठेवतात. तेव्हा मी १२१ किलो होते, शुगर होती, रात्री झोपेत श्वास अडकायचा. विम्यातून काही मिळणार नव्हतं म्हणून आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. दीड वर्षात ७६ वर आले, शुगरच्या गोळ्या सुटल्या. त्या ऑपरेशनने मला आयुष्य दिलं, हे मी आजही म्हणते.

लॉकडाऊनमध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नंतर वडील गेले. त्या दोन वर्षांत खाण्याचं काय झालं ते मला कळलंही नाही. अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ खाल्ली की पोट गच्च व्हायचं, म्हणून मला वाटायचं मी कमीच खातेय. पण चहात बुडवलेली खारी कितीही उतरते. चिवडा चिमूटचिमूट तासभर खाता येतो. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी रोकड जुळवताना खणात पुडी असायचीच. २०२४ च्या दिवाळीत काटा ९७ वर गेला.

सर्जनकडे मी २०१९ नंतर फिरकलेच नव्हते. त्यांनी मला दुसरा जन्म दिला आणि मी तो वाया घालवला, असं मनात घट्ट बसलं होतं. भाचीच्या लग्नात वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाटल्या गेल्या आणि पोटही गेलं, मिळवलंस काय?" त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले. दोन-तीन दिवसांत जाहिराती दिसायला लागल्या.

'ऑपरेशननंतर वाढलेलं वजन? पोटाची पिशवी ९० दिवसांत पुन्हा लहान करा. ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही.' खाली बायकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. मी नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. पलीकडे एक बाई, आवाज इतका मायेचा की काय सांगू. "ताई, तुमची चूक नाहीये. तुमच्या सर्जनला तुम्ही परत यायला हव्या आहात ते दुसऱ्या ऑपरेशनसाठी. आपण कुणाला कळूही न देता करू." कुणाला कळू न देता, एवढंच मला ऐकायचं होतं. घरात ह्यांनाही मी सांगितलं नाही.

आधी 'असेसमेंट'चे ३,५०० घेतले. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे जुने रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या आधीचे व नंतरचे फोटो मागितले. मी सगळं पाठवलं. मग २१,००० चं पहिलं किट आलं. त्यात पावडरचे डबे आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत हिरव्या कॅप्सूल. बाटलीवर नुसतं पान छापलेलं. उत्पादकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही. पावडरच्या डब्यावर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर असावा लागतो, तोही नव्हता. विचारलं तर म्हणाली, "हे आमच्या वैद्यांनी तुमच्यासाठी खास बनवलंय, दुकानात मिळत नाही." पैसे यूपीआयने दिले. पहिल्यांदा एका माणसाच्या नावावर गेले, दुसऱ्यांदा भलत्याच नावावर. पावती कधीच आली नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या मला हे दिसत होतं आणि तरी मी पाठवत होते. लाज माणसाकडून काय काय करून घेते ते मी स्वतः पाहिलं आहे.

पहिल्या तीन आठवड्यांत सहा किलो उतरले. भूक मेल्यासारखी झाली. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, तोंडाला कोरड आणि छातीत धडधड इतकी की उशीवर कान टेकला की ठोके ऐकू यायचे. कळवलं तर उत्तर आलं, "शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरू नका." आणि पुढचं वाक्य मी जपून ठेवलंय, मोबाइलवर आहे: "कॅल्शियम आणि बी-१२ बंद करा, त्याने आपलं औषध अडतं." मी बंद केलं. आठ वर्षांत ढिलाई केली असेल, पण पूर्ण बंद कधीच केल्या नव्हत्या त्या गोळ्या. बी-१२ अंगी लागायला जे द्रव्य लागतं ते जठरात बनतं, आणि आमच्या जठराचा बहुतेक भागच काढलेला असतो. म्हणून त्या गोळ्या जन्मभराच्या, हे डिस्चार्ज कार्डावरच लिहिलेलं होतं. तेच कार्ड मी तिला पाठवलं होतं.

दुसऱ्या किटचे आणखी २१,००० गेले. जुलै २०२५ मध्ये वजन अडलं, तेव्हा तिने 'पेन' काढलं, म्हणजे स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन. त्या वर्षी मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनं भारतात विकायला आली होती, सगळीकडे त्याचीच चर्चा. ती म्हणाली, तेच औषध आमच्याकडे चिठ्ठीशिवाय, निम्म्या भावात, आगाऊ १६,००० भरा. 'इंजेक्शन नाही' म्हणणारी जाहिरात मला तेव्हा आठवायला हवी होती. कुरिअरने थर्माकोलचा डबा आला, आतली बर्फाची पिशवी वितळून कोमट पाणी झालेलं. ही खरी औषधं न वापरता ठेवायची असतील तर २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये ठेवावी लागतात.

पेन टोचायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर नोटा मोजताना बोटांना नोट जाणवेना. पायाला मुंग्या आधीच होत्या. उठायला गेले आणि खुर्चीसकट खाली आले. आमच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, १६८/१०४. मला बीपी कधीच नव्हतं. पर्समधली बाटली मी तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी दाखवली. त्यांनी सांगितलं की सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला धोका आहे म्हणून भारतात २०११ मध्येच बंद झालं, पण 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत ते अनेक देशांत सापडलंय. "तुमच्या बाटलीत तेच आहे असं तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही. पण ही एकही गोळी आता घ्यायची नाही." बी-१२ आलं १३८, म्हणजे बरंच कमी. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात ह्यांनीच मला पुण्याला सर्जनकडे नेलं. सहा वर्षांनी त्या दारात उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. ते रागावले नाहीत. फाइल उघडली, जुना आलेख पाहिला आणि म्हणाले, "सगळ्यात कमी वजनावरून थोडं परत येणं आम्ही बहुतेकांमध्ये पाहतो. तुमचं जास्त आलंय, कारण शोधू." पिशवी काळाबरोबर थोडी सैल होऊ शकते, भुकेचे हार्मोन पुन्हा डोकं वर काढतात, उतरलेल्या वजनाला शरीर कमी ऊर्जेत चालायला शिकतं, हे सगळं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पावडर किंवा पातळ खाण्याने पिशवी लहान होत नाही, हेही सांगितलं. दुर्बिणीने तपासणी केली, थायरॉइड पाहिलं. आहारतज्ज्ञांनी खारी आणि चिवड्याचं नाव मी घ्यायच्या आधी घेतलं. मऊ आणि भुरभुरीत पदार्थ पिशवीतून सरकतात, पोट भरल्याचा निरोपच जात नाही. आता आधी अंडी, पनीर, डाळ, दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं, मग बाकीचं. खऱ्या पेनचाही विषय निघाला. बीपी स्थिर झाल्यावर, चिठ्ठीवर, त्यांच्या देखरेखीत विचार करू म्हणाले. या सगळ्या तपासणीला त्या दोन किटच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

पैसे परत मागितले तर "तुम्ही डाएट मोडलं" म्हणून नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, पण आधीच्या पैशांना तीन महिने झाले होते. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तरच रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. अन्न व औषध प्रशासनाकडे बाटली आणि पेन दिलंय. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे, हे मला तिथे कळलं. जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद भाचा तयार करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पावती नसली तरी यूपीआयच्या नोंदी आणि तिचे सगळे मेसेज आहेत, म्हणून कुणीही रागाने चॅट पुसून टाकू नका.

ऑक्टोबरमध्ये ऑपरेशनच्या वेळी ओळख झालेल्या एका मैत्रिणीने मला एक जाहिरात पाठवली. नाव नवीन, पावडर तीच. फोटोत मी. चेहरा पुसट केलेला, पण माझा हात मला कळणार नाही का? आधी १२१ ची मी आणि नंतर ७६ ची मी, खाली '९० दिवसांत'. मग मी मला पहिल्यांदा दिसलेली जाहिरात आठवून पाहिली. त्या बायकांच्या दंडांना लोंबती कातडी होती, भांगाजवळ केस विरळ होते. ऑपरेशननंतर झपाट्याने वजन उतरतं तेव्हा आमचं असंच होतं. त्याही बहुधा माझ्यासारख्याच होत्या, फोटो पाठवून बसलेल्या.

ती जाहिरात अजून फिरतेय. जांभळी साडी, पोपटी काठ, डाव्या हाताला काळ्या पट्ट्याचं घड्याळ, मागे मांडवाचा निळा खांब. हा फोटो कुणी तुम्हाला दाखवला तर ती मी आहे. ते ४५ किलो पुण्यातल्या ऑपरेशननंतर दीड वर्षात उतरलेत, त्या पावडरने नाही.