साच्याचा दोष नव्हता : .४५ कोल्टच्या ओतीव गोळ्या, आठ महिन्यांच्या वापरानंतर

रिव्हॉल्व्हरच्या .४५ कोल्ट काडतुसासाठी शिशाच्या गोळ्या ओतण्याच्या या साच्याला फेब्रुवारीत मी पाचपैकी एकच तारा दिला होता. तो अभिप्राय मी मागे घेत आहे आणि त्यामागचे कारण सविस्तर सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

साचा ॲल्युमिनियमचा, दोन घरांचा (एका वेळी दोन गोळ्या ओतणारा), २५५ ग्रेनची सपाट नाकाची गोळी देणारा आहे. मी ॲरिझोनात राहतो आणि तयार काडतुसांच्या किमती परवडेनात म्हणून घरच्या ओतकामाकडे वळलो. पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे एक पौंड धातूत २७ गोळ्या होतात, आणि पितळी पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरता येतात. हा हिशेब मात्र नळी स्वच्छ राहिली तरच खरा ठरतो. माझ्याकडे ५० बार होताच नळीच्या मुळाशी शिशाचा राखाडी थर बसत असे आणि तो तांब्याच्या घासणीने काढण्यात संध्याकाळ जात असे.

मी प्रथम साच्याला दोष दिला, मग धातूला. चाकांचा तोल साधणाऱ्या जुन्या वजनांचे शिसे कडकपणाच्या ब्रिनेल मापाने सुमारे १२ भरते. ते मऊ पडत असावे असे समजून मी छापखान्यातील लायनोटाइप धातू विकत घेतला, जो सुमारे २२ भरतो. थर उलट वाढला. .४५ कोल्ट हे १८७३ सालचे, कमी दाबाचे काडतूस आहे. एवढ्या दाबाने कडक गोळी फुगून नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) घट्ट बसत नाही, आणि फटीतून निसटणारा तप्त वायू तिच्या कडा कापून ते शिसे नळीला चिकटवतो.

साचा बनवणाऱ्यांनी पहिल्याच पत्रात कळवले होते की रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचे, म्हणजे काडतुसे धरणाऱ्या फिरत्या भागाचे, घसे (गोळी जेथून नळीकडे निघते ती पुढची तोंडे) मोजून पाहावेत. मला ती टाळाटाळ वाटली. मी दोन कडक पत्रे लिहिली आणि स्वतःच्या खर्चाने साचा परत पाठवला; त्यांनी तो तपासून, गोळीच्या मापांची चिठ्ठी जोडून, एकही पैसा न घेता माघारी धाडला.

जूनमध्ये अखेर एका मित्राच्या पिन गेजने (नेमक्या व्यासाच्या मापाच्या सळ्यांनी) घसे मोजले. सहाही घसे ०.४४९ इंच निघाले. तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढला, तो मायक्रोमीटरवर ०.४५१ भरला. म्हणजे ०.४५२ ची नीट ओतलेली गोळी सिलिंडरमधून निघतानाच आवळली जात होती आणि पुढे रुंद नळीत सैल पडत होती. दोष रिव्हॉल्व्हरचा होता, साच्याचा मुळीच नव्हता. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून सहाही घसे ०.४५२५ पर्यंत रीमरने वाढवून घेतले आणि पुन्हा चाकांच्या वजनांच्या शिशाकडे आलो. त्यानंतरच्या २०० बारांनी नळीत खरवडण्याजोगे काहीही ठेवलेले नाही. लायनोटाइपवर खर्च केलेल्या पैशांचे मला अजूनही मनापासून वाईट वाटते.

ओतकाम मी गॅरेजचे दार उघडून, पंखा लावून करतो, तेथे काही खात नाही आणि नंतर हात साबणाने धुतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात पाण्याचा थेंब पडला तर त्याची तत्काळ वाफ होऊन तप्त धातू अंगावर उडतो. काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूचे वजन नेहमी त्याच वजनाच्या ओतीव गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातूनच घ्यावे, अंदाजाने कधीही नाही.

आता चार तारे देतो. पाचवा राखून ठेवला आहे, कारण ओतल्यावर वर उरलेला धातू कापणाऱ्या वरच्या पट्टीचा स्क्रू साचा तापला की सैल होतो आणि गोळीच्या बुडाशी धातूचा पातळ पापुद्रा येतो. दर तीस-चाळीस ओतींनंतर हात थांबवून मला तो आवळावा लागतो.