गेरिट स्वतःच्या सर्व्हरवर: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका स्लॅशविषयी

हा अनुभव लिहिण्याचे निमित्त म्हणजे आमच्या कार्यालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्या कंत्राटदाराने नुकतेच पाठवलेले बिल. सुरक्षा प्रमाणपत्राचे नूतनीकरण करताना त्याने एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल स्वतःच्या नेहमीच्या साच्यातून नव्याने तयार केली. त्या साच्यात एका ओळीच्या शेवटी एक स्लॅश होता, त्यामुळे आमचे कोड रिव्ह्यूचे, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासण्याचे, काम दुपारपर्यंत ठप्प झाले, आणि तो स्लॅश काढण्यासाठी आल्याबद्दल त्याने भेटीचे शुल्क वेगळे लावले. हे काम ज्यावर चालते ते गेरिट कसे वाटले, असे मला कोणी विचारले तर खरे म्हणजे बऱ्याच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. परंतु सध्या तो स्लॅश सोडून दुसरे काही माझ्या तोंडी लवकर येत नाही.

आमचे काम भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत चालते आणि ते मोटर नियंत्रकांच्या फर्मवेअरचे, म्हणजे त्यांच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, आहे. कोड आमच्या आवाराबाहेर जाऊ नये, अशी अट काही ग्राहकांच्या करारात असते, त्यामुळे रिव्ह्यूची भाड्याची सेवा आम्हाला तशीही अडचणीचीच होती. त्यातच त्या सेवेने माणशी मासिक दर वाढवले, आणि वर्षातून दोनदा कोडकडे पाहणाऱ्या चाचणी विभागातील माणसाचेही पूर्ण पैसे भरावे लागतात हे लक्षात आल्यावर माझा निर्णय पक्का झाला. गेरिट निवडण्यामागे फार मोठा अभ्यास नव्हता. ते मुळात अँड्रॉइडच्या कामासाठी गूगलमध्ये घडले, लिबरऑफिस, विकिमीडिया आणि क्यूट यांचे रिव्ह्यू त्याच्यावर चालतात, आणि आमच्यापैकी निम्म्या मंडळींनी आधीच्या नोकरीत अँड्रॉइडच्या निमित्ताने ते हाताळलेले होते. शिवाय ते फुकट आहे, आणि आमच्याकडे १६ जीबी मेमरीचा एक जुना डेस्कटॉप नुसता धूळ खात पडला होता.

बसवणे सोपे आहे, यात शंका नाही. एकच वॉर फाइल (जावाचा बांधलेला प्रोग्राम) उतरवायची, जावा १७ बसवायचे, इनिट ही आज्ञा द्यायची आणि ती विचारील त्या प्रश्नांची उत्तरे देत जायचे; आम्ही ३.१० ही आवृत्ती घेतली आणि चहा थंड होण्याआधी पान उघडले. मात्र प्रश्नांची उत्तरे देताना केवळ एंटर दाबत सुटू नये. ओळख पटवण्याच्या पद्धतीसाठी इनिट जो पर्याय आपणहून पुढे करते तो ओपनआयडीचा, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरच्या खात्याने लॉगिन करण्याचा, आहे, आणि ज्या गूगल खात्यांच्या भरवशावर लोक एके काळी तो वापरत त्या गूगलने ओपनआयडी २.० हे २०१५ मध्येच बंद केले. आम्ही एलडॅप, म्हणजे कार्यालयातील खात्यांची सामाईक सूची, निवडले. दुसरी गोष्ट म्हणजे, नव्या सर्व्हरवर जो सर्वांत आधी लॉगिन करतो त्याला गेरिट प्रशासक करते. आमच्याकडे हा मान उत्सुकतेने पान उघडून पाहणाऱ्या एका प्रशिक्षणार्थी मुलीला मिळाला आणि अर्धा दिवस आम्ही सगळे तिच्याकडे परवानग्या मागत होतो. सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवणाऱ्यांनी ही बाब हसण्यावारी नेऊ नये.

आता स्लॅशकडे वळतो. गेरिट स्वतः ८०८० या पोर्टवर ऐकते, परंतु सुरक्षित पत्ता देण्यासाठी त्याच्या पुढे सहसा एनजिनएक्स किंवा अपाची हा प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आत पोचवणारा मध्यस्थ, म्हणून उभा करतात. गेरिटचे पान ब्राउझरमध्ये उघडले की ते प्रत्येक फाइलमधील फरक सर्व्हरकडे स्वतंत्रपणे मागते, आणि मागताना फाइलचा पूर्ण मार्ग पत्त्यातील एकच घटक म्हणून पाठवते. त्यामुळे मार्गातील प्रत्येक स्लॅशच्या जागी टक्केचिन्ह, दोनचा आकडा आणि एफ हे अक्षर अशी सांकेतिक त्रयी जाते. एनजिनएक्सच्या प्रॉक्सी-पास या ओळीत पोर्टच्या आकड्यानंतर स्लॅश असेल, तर एनजिनएक्स तो पत्ता उलगडून पुढे पाठवतो, म्हणजे त्रयीचा पुन्हा खरा स्लॅश होतो. मग गेरिटला एका फाइलऐवजी तीन-चार तुकड्यांचा भलताच पत्ता दिसतो आणि ते सापडत नसल्याचे सांगून मोकळे होते.

यातील खरा त्रास लक्षणांचा आहे. सगळेच बंद पडले असते तर कोणीही प्रॉक्सीकडेच पाहिले असते. येथे मात्र लॉगिन चालते, बदलांची यादी येते, कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश दिसतो, सर्वांत वरच्या पातळीवरची मेकफाइलसुद्धा व्यवस्थित उघडते. केवळ आतल्या फोल्डरमधील फाइल उघडली की 'नॉट फाउंड' येते. अशा वेळी संशय साहजिकच अधिकारांवर जातो, आणि गेरिटचे अधिकारांचे पान इतके विस्तृत आहे की तेथे शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. अपाची वापरणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे, कारण तेथे सांकेतिक स्लॅश चालू देण्याचे कलम आणि प्रॉक्सीच्या ओळीतील नोकॅनन हा शब्द, अशा दोन गोष्टी लागतात. हे सर्व गेरिटच्या दस्तऐवजात रिव्हर्स प्रॉक्सीच्या पानावर स्वच्छ लिहिलेले आहे, हे मी मान्य करतो. परंतु इतका नाजूक सांधा असलेल्या प्रणालीने प्रशासकाला पहिल्याच दिवशी पडद्यावर तांबडी पट्टी दाखवून सावध करायला काय हरकत होती, हे मला अजूनही कळलेले नाही.

कंत्राटदाराच्या प्रकरणानंतर मी सावध करणारी व्यवस्था स्वतःच केली. आमच्या काही प्रकल्पांची नावेही फोल्डरसारखी, म्हणजे आधी विभाग, मग स्लॅश, मग उत्पादन अशी आहेत. दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट प्रॉक्सीमार्गे अशाच एका प्रकल्पाची माहिती मागते आणि उत्तर ४०४, म्हणजे 'नॉट फाउंड', आले की मला संदेश पाठवते. अशी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना आहे: गेरिटच्या जेसन (माहिती मजकुरात मांडण्याचे एक स्वरूप) उत्तराच्या पहिल्या ओळीत कंस आणि अवतरणचिन्ह अशी चार चिन्हे मुद्दाम घातलेली असतात, जेणेकरून परक्या संकेतस्थळाला ते उत्तर स्क्रिप्ट म्हणून चालवता येऊ नये. ती ओळ वगळल्याशिवाय पुढचे जेसन वाचता येत नाही. बिलाचे म्हणाल तर भेटीचे शुल्क आम्ही दिलेले नाही आणि देण्याचा विचारही नाही.

यापुढच्या कटकटी तुलनेने किरकोळ आहेत. प्रत्येक कमिटच्या संदेशाखाली चेंज-आयडी, म्हणजे बदलाची ओळखखूण, हवी असते आणि ती घालणारे हुक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, प्रत्येकाने आपापल्या क्लोनमध्ये, म्हणजे कोडच्या प्रतीत, बसवायचे असते. जुन्या शिकवण्यांमध्ये ते एससीपी या फाइल नेण्या-आणण्याच्या आज्ञेने २९४१८ या पोर्टवरून उतरवायला सांगितलेले आढळते, परंतु ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरते आणि ते गेरिटच्या एसएसएच सर्व्हरला समजत नाही. आज्ञेत मोठ्या लिपीतला ओ हा पर्याय घातला की काम होते. सरळ कर्ल या वेबवरून फाइल उतरवणाऱ्या आज्ञेने उतरवले तर तीही भानगड नको. ज्यांनी गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) घरचा ईमेल घातलेला होता त्यांचे पुश, म्हणजे सर्व्हरकडे पाठवलेले बदल, नाकारले गेले, कारण कमिटवरचा पत्ता खात्यात नोंदवलेला असावा लागतो. ही कडक शिस्त मला आवडली.

एका बाबतीत मात्र माझे मत पूर्ण फिरले. गेरिटमध्ये शाखा, म्हणजे अनेक कमिटांची मालिका, पाठवून तिच्यावर चर्चा करण्याची रीत नाही. एक कमिट म्हणजे एक बदल, तो रेफ्स-फॉर या खास मार्गाने पुश करायचा, आणि कोणी खोट काढली की वर दुसरी कमिट न चढवता तीच कमिट अमेंड करून, म्हणजे तिच्यातच दुरुस्ती करून, पुन्हा पाठवायची. सुरुवातीचे काही आठवडे याविषयी कार्यालयात जे बोलले गेले ते येथे लिहिण्याजोगे नाही, आणि त्यात माझाही आवाज होता. हे बदलले ते एका पीआयडी नियंत्रकाच्या दुरुस्तीवरून. त्या फाइलमध्ये जवळपास सहाशे ओळी इकडच्या तिकडे झाल्या होत्या आणि आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यातील एका चलाच्या ओव्हरफ्लोवर, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाण्यावर, बोट ठेवले होते. सुधारित कमिट आल्यावर त्याने मूळ कोडशी तुलना न करता तिसऱ्या पॅच सेटची (त्याच बदलाच्या प्रत्येक खेपेला हे नाव आहे) तुलना दुसऱ्याशी केली, तेव्हा पडद्यावर बदललेल्या अवघ्या चार ओळी उरल्या, आणि त्याची जुनी टिप्पणी त्याच जागी लटकलेली होती. 'सर, एवढंच बदललंय' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाही. भाड्याच्या सेवेत प्रत्येक शाखेच्या शेपटीला लागणाऱ्या 'किरकोळ दुरुस्ती', 'पुन्हा दुरुस्ती' अशा कमिटांची रांगही आमच्या इतिहासातून नाहीशी झाली. आता नव्या माणसाने अमेंडविषयी कुरकुर केली तर मी त्याला हेच दोन पॅच सेट उघडून दाखवतो.

मतांच्या बाबतीत गेरिटची मूळ रचना एका लहान कार्यालयाला थोडी घट्ट आणि थोडी सैल बसते. सामान्य सदस्याला कोड-रिव्ह्यूमध्ये उणे एक ते अधिक एक इतकेच मत देता येते. अधिक दोनचा, म्हणजे अंतिम मंजुरीचा, अधिकार वेगळ्या गटाला द्यावा लागतो, आणि तो दिला की त्या गटातील माणूस स्वतःच्याच बदलालाही अधिक दोन देऊन मोकळा होऊ शकतो. कमिट पाठवणाऱ्याचे मत धरू नये, अशी अट सबमिटच्या, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या, नियमांत एका शब्दाने घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी. चाचण्या आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्सची जोडणी एकदा झाली की विसरून जाता येते, फक्त त्याचे खाते सर्व्हिस युजर्स या गटात असावे आणि त्याच्या निकालासाठी व्हेरिफाइड हे लेबल तयार केलेले असावे.

आता कौतुकाची गोष्ट, जी घडली ती आमच्या गुरुवारमुळे. भोसरीत गुरुवारी वीज जाणे काही नवे नाही आणि यूपीएसची बॅटरी बदलण्याचा खर्च मी पुढे ढकलत आलो होतो. एका गुरुवारी डेस्कटॉप धाडकन बंद पडला, आणि वीज आल्यावर शेवटच्या काही मिनिटांत पाठवलेले दोन बदल यादीतून गायब झालेले आढळले. त्यांवरच्या टिप्पण्या लिहिणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. परंतु गेरिटची यादी ल्युसीन या शोधसूचीतून येते, आणि ती सूची आपणहून दर पाच मिनिटांनीच डिस्कवर पक्की केली जाते. मूळ माहिती तेथे नसतेच. ३.० पासून, म्हणजे २०१९ पासून, बदल, मते आणि टिप्पण्या या सगळ्या गोष्टी गिटमध्येच ठेवल्या जातात; त्याआधी त्यासाठी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा वेगळा डेटाबेस पाळावा लागे. बदलाचा क्रमांक १२३४ असेल तर रेफ्स-चेंजेस खाली ३४, त्याखाली १२३४ आणि त्यात मेटा नावाचा संदर्भ, असा तो सापडतो. आम्ही गिटमध्ये पाहिले तर दोन्ही बदल त्यांच्या जागी होते. गेरिट थांबवले, रीइंडेक्सची, म्हणजे सूची पुन्हा बांधण्याची, आज्ञा दिली, पुन्हा सुरू केले, आणि टिप्पण्यांसह दोन्ही बदल यादीत आले. सूची प्रत्येक लेखनासरशी पक्की करण्याची सोयही आहे, तिने वेग मंदावतो. ती न वापरता मी शेवटी बॅटरी बदलली.

याच रचनेमुळे बॅकअप अत्यंत स्वस्तात पडतो. गिटचा फोल्डर आणि ईटीसीचा, म्हणजे सेटिंग्जचा, फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जातात. ईटीसीतील सिक्युअर-कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड असतात, म्हणून ती प्रत कुलूपबंद ठेवावी. सूची पुन्हा बांधता येत असल्याने तिची प्रत आम्ही घेत नाही. मात्र प्रत्येक पॅच सेटचा एक स्वतंत्र संदर्भ तयार होत असल्याने रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, हळूहळू जड होते, आणि गेरिट मुळात साफसफाईचे कोणतेही वेळापत्रक घालून देत नाही. कॉन्फिगमधील जीसीच्या, म्हणजे या साफसफाईच्या, विभागात सुरू होण्याची वेळ आणि अंतर या दोन ओळी आपणच लिहायच्या. पॅक केलेल्या गिट फाइलींसाठी राखलेली मेमरीची मर्यादा अवघी १० एमबी असते; ती वाढवल्यावर आमची मोठी रेपॉझिटरी क्लोन होण्याचा वेळ स्पष्टपणे कमी झाला.

अद्ययावत करण्याचे काम अजून व्हायचे आहे. गेरिट चालू ठेवून शोधसूची नव्या स्वरूपात आणायची असेल तर एका वेळी लगतच्या पुढच्या आवृत्तीवरच जावे लागते. मधल्या आवृत्त्या ओलांडायच्या तर सूची बंद अवस्थेत पुन्हा बांधावी लागते, आणि बाहेरून घेतलेले प्लगइन त्या त्या आवृत्तीचेच हवेत. आमच्या आकाराच्या कार्यालयाला सर्व्हर दोन तास बंद ठेवणे परवडते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आधी बॅकअपवरून दुसऱ्या डेस्कटॉपवर तालीम करायची आणि मग खऱ्या यंत्राला हात लावायचा, असे ठरले आहे. प्रॉक्सीची कॉन्फिग फाइल त्या काळात कंत्राटदारासाठी केवळ वाचनापुरती खुली राहील.