आमच्या नगरपरिषदेचा मालमत्ता विभाग: कर खिडकीला चार स्टार, जागेच्या कारभाराला दीड

नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही. अर्धं ऑफिस ओळखीचं आहे, आणि तसंही ज्याचं गाव ब वर्गात येतं (४० हजार ते १ लाख लोकसंख्या) त्याला वाचताना आपलंच गाव वाटणार. माझी तिथं चार प्रकारची कामं पडली: घर वारसाने नावावर लावणं, शेजाऱ्याशी भिंतीचा वाद, कॉलनीतल्या मोकळ्या जागेचं प्रकरण आणि गाळ्यांचा लिलाव. चारही ठिकाणी अनुभव इतका वेगळा की एकच रेटिंग देणं अवघड आहे.

आधी चांगलं सांगतो. कर विभागाची खिडकी खरंच सुधारलीय. पूर्वी घरपट्टीचा उतारा हवा तर "भाऊसाहेब जेवायला गेलेत" इथून सुरुवात व्हायची, आता कॉम्प्युटरवर मालमत्ता क्रमांक टाकला की प्रिंट हातात. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला त्याचा हा परिणाम, कारण उताऱ्याला आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्याला ३ दिवस, हस्तांतरणाच्या नोंदीला १५ दिवस अशी मुदत लिहूनच दिलीय आणि तसा बोर्ड जिन्याजवळ लावलाय (समोर झेरॉक्सवाल्याचा कूलर ठेवलाय म्हणून अर्धाच दिसतो). वारस नोंदीसाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणीचं रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र आणि चालू वर्षाची कराची पावती एवढं दिलं आणि काम झालं. एकच सांगतो, अर्ज हातात देऊन येऊ नका, ऑनलाईन टाका नाहीतर आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. पोच असली की मुदत मोजली जाते, मुदत टळली की अपील करता येतं आणि अपिलात दोष सिद्ध झाला तर ५०० ते ५००० रुपये दंड काम अडवणाऱ्या माणसाच्या खिशातून जातो. हा आकडा खिडकीवर प्रत्येकाला पाठ आहे. पोच नसेल तर तुमचा कागद म्हणजे नुसताच कागद.

थकबाकीचं मात्र जपा, दर महिन्याला २ टक्के शास्ती (म्हणजे दंड) लागते. आमच्या गल्लीत एका बंद घराची मूळ पट्टी किती आणि शास्ती किती हे बघून मालकाच्या मुलाने पुण्याहून फोन करून "हे बरोबर आहे का" असं दोनदा विचारलं. बरोबर होतं.

आता भिंतीचा वाद. शेजारच्यांनी जुनं घर पाडून नवं काढायला घेतलं आणि कॉलम आमच्या बाजूला सरकला असं आमचं म्हणणं, त्यांचं म्हणणं आमची भिंतच मुळात त्यांच्यात आहे. दोघंही आपापला घरपट्टीचा उतारा घेऊन नगरपरिषदेत, आणि दोघंही आवाज चढवून. तिथले सिनियर क्लार्क शांतपणे म्हणाले, "काका, उताऱ्याच्या खाली काय लिहिलंय ते वाचा." खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की ही नोंद फक्त कर आकारणीसाठी आहे, मालकी हक्काचा पुरावा नाही. गावातली निम्मी भांडणं ही ओळ न वाचल्यामुळे नगरपरिषदेत येतात असं माझं मत झालंय. घर कुणाचं, हद्द कुठली हे नगरपरिषद ठरवत नाही, ठरवूच शकत नाही. प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेकडं म्हणजे भूमी अभिलेखकडं, हद्द कायम करायची तर मोजणीचा अर्ज त्यांच्याकडंच, आणि मालकीवरच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. नगरपरिषद बघते ती फक्त परवानगी. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळं ठेवायचं अंतर) सोडलंय का.

आणि तेवढं त्यांनी केलं, हे मान्य करायला पाहिजे. इंजिनिअर येऊन टेप लावून गेला, नकाशात दाखवलेलं अंतर जागेवर नव्हतं, नगररचना कायद्याच्या कलम ५४ ची काम थांबवायची नोटीस निघाली. नोटीस निघाल्यावर शेजाऱ्यांच्या मेहुण्याने नगरसेवकाला फोन केला, मग नगरसेवकाने इंजिनिअरला केला, तरी नोटीस मागे घेतली नाही. मोजणी झाली, खुणा लागल्या, कॉलमचं काय ते दोघांनी बसून मिटवलं. या भागाला मी चार स्टार देतो. आपल्या हातात नाही ते सरळ "नाही" सांगणारं सरकारी ऑफिस फार कमी बघितलंय.

पण हेच लोक स्वतःच्या जागेवर आले की सगळं बदलतं. दीड स्टार का ते आता सांगतो, जरा लांबेल.

आमच्या कॉलनीचा लेआऊट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) मंजूर झाला तेव्हा नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सोडलेली. प्लॉट घेताना आम्ही ती जागा बघूनच घेतले, बिल्डरने तिथं बागेचं चित्र दाखवून दर वाढवला होता. बाग काही झाली नाही, बाभळी झाल्या, मग पोरांनी क्रिकेटचं पीच काढलं, गणपतीत मंडप, उन्हाळ्यात लग्नाचा मांडव, असं चाललेलं. एक दिवस तिथं टेम्पोने सिमेंटचे खांब पडले आणि तारेचं कंपाउंड सुरू झालं. विचारलं तर म्हणे सभागृहासाठी एका संस्थेला जागा दिलीय. कधी दिली? सर्वसाधारण सभेत ठराव झाला. कुठल्या सभेत? मग इतिवृत्त काढलं.

इतिवृत्त मिळवायला माहिती अधिकार टाकावा लागला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. ३० दिवस संपायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं, ही पण एक कला आहे. अजेंड्यात सगळे विषय होते: गटारी, पथदिवे, घंटागाडीचा ठेका. जागेचा विषय अजेंड्यात नाहीच. तो आला "ऐनवेळचे विषय" या सदरात, सगळ्यात शेवटी, जेव्हा निम्मे सदस्य चहाला उठलेले असतात. सूचक एक, अनुमोदक एक, "सर्वानुमते मंजूर". पाच ओळींचा ठराव. त्यात जागेचं क्षेत्रफळ चौरस फुटात लिहिलेलं आणि नकाशावर चौरस मीटरमध्ये, दोन्ही जुळत नव्हते. चतुःसीमा लिहिताना पूर्वेला "रस्ता" लिहिलं, पूर्वेला रस्ता नाही, पाण्याची टाकी आहे. म्हणजे ठराव लिहिणारा माणूस जागेवर गेलाच नव्हता.

इथं कायदा काय म्हणतो ते आमच्या कॉलनीत आता शाळकरी पोरालाही माहितीये. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात कलम ९२ आहे, नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता विकायची किंवा लांब मुदतीने द्यायची तर नुसता सभेचा ठराव पुरत नाही, वरची मंजुरी लागते. आणि लेआऊटमधली ओपन स्पेस ही तर प्लॉटधारकांच्या वापरासाठी सोडलेली, ती कुणा संस्थेला देणं हा विषयच वेगळा. आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडं त्याच कायद्याच्या कलम ३०८ खाली अर्ज केला. गावात याला "तीनशेआठ लावला" म्हणतात, म्हणजे नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात. लेआऊटचा मंजूर नकाशा, प्लॉटच्या खरेदीखतांच्या प्रती, इतिवृत्ताची प्रत आणि कंपाउंडचे तारीखवार फोटो जोडले. ठरावाला स्थगिती मिळाली. खांब अजून तिथंच आडवे पडलेत, पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात.

सुनावणीत एक गोष्ट घडली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. नगरपरिषदेच्या बाजूने आलेल्या कर्मचाऱ्याला विचारलं की ही जागा तुमच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत कोणत्या क्रमांकाला आहे. त्यांनी आणलेली नोंदवही उघडली. कापडी पाठीची, कोपरे वाळवीने खाल्लेले, पहिली पानं शाईच्या पेनातली सुंदर मोडी वळणाची अक्षरं, मग बॉलपेन, मग पुढं बरीच पानं कोरी. ती जागा नोंदवहीत नव्हतीच. जी जागा आपल्याकडं असल्याची नोंद नाही ती त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली होती! समोरच्या वकिलालाही हसू आवरेना.

यावरून मी दुसरा माहिती अधिकार टाकला: नगरपरिषदेच्या मालकीच्या सगळ्या जागा, गाळे, आरक्षणाखाली ताब्यात आलेल्या जमिनी यांची यादी द्या. उत्तर आलं "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही". ज्या ऑफिसला माझ्या घराच्या पत्र्याच्या शेडचं क्षेत्रफळ दर चार वर्षांनी होणाऱ्या कर आकारणीत इंचापर्यंत सापडतं त्याला स्वतःचे गाळे किती ते माहिती नाही. अतिक्रमणाचं पण तेच. बाजारपेठेतल्या रस्त्यावर एक टपरी पत्र्याची होती, मग विटेची झाली, मग तिला शटर आलं, आता तिला घरपट्टीही लागते. सार्वजनिक रस्त्याचा ताबा परत मिळवायला दावा लावायची मुदत नगरपरिषदेला ३० वर्षांची आहे, त्यामुळे कुणालाच घाई नसते बहुतेक.

गाळ्यांच्या लिलावाबद्दल थोडं, कारण बरेच जण विचारतात घ्यावा का. स्टँडजवळच्या संकुलातले गाळे निघाले होते. पेपरात जाहीर नोटीस आली ती अशा पेपरात की जो गावात येतो हे मला त्या दिवशी कळलं. कमीत कमी बोली नगररचना विभागाकडून ठरून येते, रेडी रेकनर (सरकारी दरांचा तक्ता) बघून, त्यामुळे ती फार कमी नसते. अनामत रक्कम भरली, हॉलमध्ये बसलो. पहिल्या दोन गाळ्यांना तीन-तीन जण बोली लावायचे, एक जण शंभर रुपयांनी वाढवायचा, बाकीचे दोघं मान हलवायचे, संपलं. बाहेर चहाच्या गाड्यावर तिघं एकत्रच बसलेले दिसले, एकाच गाडीतून आले होते. कोपऱ्यावरच्या गाळ्याला मात्र एक बाहेरगावचा मेडिकलवाला आला आणि त्याने एकदम मोठी उडी मारली, तेव्हा तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले, मग खरी बोली लागली आणि तो गाळा बाकीच्यांच्या कितीतरी वर गेला. जिथं बाहेरचा एक माणूस येतो तिथं नगरपरिषदेला खरा भाव मिळतो, एवढं साधं गणित आहे. आता ई-लिलाव करतात तिथं ही रिंग जरा अवघड जाते म्हणे, आमच्याकडं अजून हॉल आणि हातोडाच.

मी गाळा घेतला नाही. करारनाम्याचा मसुदा वाचायला मागितला तर "आधी बोली लावा, मग बघू" असं उत्तर. एक वर्षाच्या वर भाडेपट्टा असेल तर तो रजिस्टर करावाच लागतो, आणि जुन्या संकुलात निम्म्या लोकांकडं रजिस्टर कागदच नाहीये, मुदत संपून जमाना झाला, भाडं जुन्या दराने भरतात आणि आत बसलेत पोटभाडेकरू, जे मूळ गाळेधारकाला नगरपरिषदेच्या कितीतरी पट भाडं देतात. मधला फरक कुणाच्या खिशात जातो ते सगळ्यांना माहितीये आणि सभेत त्यावर कुणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याचाही एखादा गाळा निघतो.

मधली काही वर्षं प्रशासक (नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेला अधिकारी) होता, तेव्हा लोक म्हणायचे बरंय, राजकारण नाही. मला तसं वाटत नाही. प्रशासकाच्या काळात ठराव एकाच सहीने होतो, सभा नाही, प्रेक्षक गॅलरी नाही, विरोधात बोलायला कुणी नाही. निदान नगरसेवक असले की ऐनवेळच्या विषयाची बातमी संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर येते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर आता परत बॉडी आलीय, प्रचारात प्रत्येकाने ओपन स्पेसवर बाग करून देतो म्हणून सांगितलंय, बघू.

तर रेटिंग: कर विभाग चार, बांधकाम परवानगी चार (नोटीस टिकली म्हणून, नाहीतर तीन), मालमत्ता आणि लिलाव दीड. तो दीड पण एका ज्युनिअर क्लार्क ताईंसाठी, त्यांनी स्वतःहून लेआऊटची मूळ नस्ती (फाईल) शोधून काढली, रेकॉर्ड रूममध्ये तोंडाला ओढणी बांधून.

कुणाला काम असेल तर: बुधवारी जाऊ नका, आठवडे बाजार असतो आणि अर्धा स्टाफ बाजार फी वसुलीला बाहेर. सभा कधी आहे ते नोटीस बोर्डावर लागतं, तिथं अजेंड्याचा फोटो काढून ठेवा आणि महिन्याभराने इतिवृत्त मागून दोन्ही शेजारी ठेवून वाचा, जास्तीचे विषय लगेच दिसतात. मिळकतीच्या वादासाठी जाणार असाल तर आधी सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा, ऑफिस पंचायत समितीच्या मागच्या बाजूला आहे, पुढच्या गेटमधून गेलात तर रस्ता सापडणार नाही.