‘दोन महिन्यांचं पिल्लू’ म्हणून मला वर्षभर अर्धपोटी ठेवलेला साप विकला

मी जळगावात सोन्याचं काम करतो. बावीस वर्षं काट्यासमोर बसतोय. तरी गेल्या डिसेंबरात १३,५०० रुपये घालवून बसलो, कारण घेताना वजन विचारलंच नाही. पैशांचं दुःख आहेच, पण त्या मुक्या जिवाचे जे हाल झाले ते पाहून हे लिहायला बसलोय.

मुलगी अकरावीला आहे, सापांवर तिचा फार जीव. आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे तिनेच मला बजावलं होतं. बॉल पायथन मात्र आफ्रिकेतला, बिनविषारी अजगर. तो पाळता येतो, पण सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. मोबाइलवर एक जाहिरात दिसली: दोन महिन्यांचं पिल्लू, दर आठवड्याला स्वतः खातं. सोबत व्हिडिओ. निळ्या ट्रेमध्ये पिल्लू झडप घालतं, उंदराला वेटोळं घालतं, गिळतं. तीनदा पाहिला आणि भरवसा बसला. कागदांचं विचारलं तर विकणारा म्हणाला, “दादा, कागद मागून पाठवतो, आधी पिल्लू तर बघा.” पुढे कळलं की जनावर एकाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा त्याचीही नोंद व्हावी लागते. कागद मागून येत नसतात.

पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं. डिसेंबरातली आपल्याकडची थंडी माहीत आहेच. उन्हाळ्यात ४५ अंशांनी भाजणारा खान्देश तेव्हा पहाटे दहाच्या आसपास उतरतो. डबा उघडला तर आत घाण वास आणि ओकलेला कोंबडीच्या मांसाचा गोळा. उंदीर नव्हता, कोंबडीचं काळीज होतं. आई डोकावून म्हणाली, “हाई काय लई उना रे भाऊ?” म्हणजे, हे काय घेऊन आलास? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डाव तेव्हा कळला नाही, आता कळतोय. स्वतःहून न खाणाऱ्या पिल्लाच्या घशात निघायच्या आधी मांसाचा तुकडा कोंबायचा. म्हणजे पाठवतानाच्या फोटोत पोट भरलेलं दिसतं, अंग गोल दिसतं. फोन केला तर म्हणाला, “प्रवासाने होतं असं. दर तीन दिवसांनी खायला द्या, महिन्यात दुप्पट होईल.” वर ९०० रुपयांचं एक टॉनिकही गळ्यात मारलं.

मी त्याचं ऐकलं. ही चूक माझी. तीन दिवसांनी उंदराचं छोटं पिल्लू चिमट्याने तोंडात दिलं, दुसऱ्या दिवशी उलटी. पुन्हा तीन दिवसांनी, पुन्हा उलटी. दुकानातल्या काट्यावर ठेवला तर आला तेव्हा ६४ ग्रॅम होता, पंधरा दिवसांत ५७ वर आला. पाठीचा कणा वर आलेला, दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं, डोळे आत गेलेले.

आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींचे. शेवटी पुण्याला सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या एका डॉक्टरांकडे नेला. त्यांनी आधी डोकं पाहिलं, मग अंग. म्हणाले, “हे दोन महिन्यांचं नाही. डोकं मोठ्या जनावराचं आणि अंग पिल्लाचं आहे. मरणार नाही एवढंच खायला घालत आलेत याला.” नीट खाणारं पिल्लू वर्षभरात सहज चारशे-पाचशे ग्रॅमपर्यंत जातं, हे त्यांच्याकडूनच कळलं.

मग मुलीने जे केलं ते मला सुचलं नसतं. प्रत्येक बॉल पायथनच्या अंगावरची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. तिने व्हिडिओ थांबवून थांबवून आमच्या सापाशी ताडून पाहिला. नक्षी जुळेना. खाणारा साप दुसराच होता. त्याच माणसाच्या जुन्या जाहिराती चाळल्या, तर जानेवारीतल्या एका फोटोत आमचाच साप निघाला. डाव्या अंगावर मानेपासून तिसरा डाग, त्यात शेजारी-शेजारी दोन ठिपके. अकरा महिन्यांपूर्वीही त्याचं वय ‘दोन महिने’च लिहिलेलं!

डॉक्टरांनी समजावलं ते इथे सविस्तर सांगतो, कारण फसवणूक नेमकी या अज्ञानावर चालते. सापाचं शरीर आपल्या शरीरासारखं आतून ऊब तयार करत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच अन्न पचतं. डब्याच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ हवेत. थंडीत भरवलेलं पोटातच सडतं आणि बाहेर येतं. प्रत्येक उलटीबरोबर आतडं दुखावतं, पाचकरस वाया जातात. म्हणून उलटी झाली की निदान दहा ते चौदा दिवस काहीच द्यायचं नाही, फक्त स्वच्छ पाणी. मग नेहमीच्या निम्मं. मी तर दर तीन दिवसांनी देत होतो, म्हणजे जखमेवर जखम करत होतो.

नुसतं काळीज किंवा बोनलेस मांसही चालत नाही. अख्ख्या उंदरात हाडं असतात, त्यातून कॅल्शियम मिळतं. लहान पिल्लाला आठवड्यातून एकदा, त्याच्या अंगाच्या जाड भागाएवढा उंदीर पुरे. मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांनी. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि याची दुसरी बाजूही आहे. काही जण साप लवकर मोठा दिसावा, जास्त भावाला जावा म्हणून रेटून रेटून खाऊ घालतात. असा साप लांबीपेक्षा रुंदीला वाढतो, अंगाच्या मानाने डोकं लहान दिसतं, वाकला की कातडीला वळ्या पडतात, यकृतावर चरबी चढते. तोही आजारीच.

शेजारच्या काकू दूध पाजायला सांगत होत्या. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग असतो, म्हणून समोर येईल ते पितो. दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

कुणाला घ्यायचाच असेल तर व्हिडिओ पाठवा म्हणू नका, व्हिडिओ कॉलवर या म्हणा. तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा, आकडा लिहून घ्या. अंगावरची नक्षी जवळून दाखवायला सांगा, आणि तोच साप स्वतः झडप घालून खाताना पाहा. निदान चार-पाच वेळा स्वतः खाल्लेलं पिल्लू असावं. नोंदीचा कागद हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. वनविभागातही जाऊन झालं ते सगळं खरं लिहून दिलं. खरं सांगतो, आधी घाबरलो होतो. आपलेच कागद अपुरे, उलट आपल्यावरच आलं तर? त्या माणसाचा धंदा या भीतीवर उभा आहे. फसलेला तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझे पैसे अजून मिळालेले नाहीत.

साप वाचला. चौदा दिवस उपाशी ठेवून, हीटिंग पॅडवर थर्मोस्टॅट लावून, फेब्रुवारीत पहिल्यांदा त्याने स्वतः झडप घातली. मुलगी रडली, आणि मीही. दिवाळीला वजन २३१ ग्रॅम भरलं. वयाच्या मानाने कमीच आहे, पण कणा आता झाकला गेलाय.

त्या माणसाचा नंबर बंद आहे, व्हिडिओ मात्र परवाच पुन्हा दिसला, वेगळ्या नावाने. निळा ट्रे, डाव्या कोपऱ्याला तडा गेलेला, मागे भिंतीवर हिरवा पडदा. तोच दिसला तर पैसे पाठवू नका.