सेंद्रिय वेगळं, जवळचं वेगळं, आणि इथे ते सरळ सांगतात

आठ महिने झाले मी जळगावात या दुकानातून किराणा आणि भाजी घेतेय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पाचपैकी चार स्टार.

पहिल्याच दिवशी भरिताची वांगी उचलली, बामणोदची, हिरवीगार, आणि सवयीने विचारलं की सेंद्रिय ना भाऊ? तर भाऊ म्हणाले, "ताई, हाई सेंद्रिय नई शे." मग समजावून सांगितलं की शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याला फार त्रास देते, फवारणी न करता हा शेतकरी अजून तरी माल काढू शकलेला नाही, पण शेवटची फवारणी कधी झाली ते विचारून आणि मधले दिवस जाऊ देऊनच आम्ही माल उचलतो. मी वांगी घेतली, घरी तुराट्यांवर भाजली, बडजीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात कुटली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ली. एवढं खरं सांगणारा दुकानदार मला तरी आधी भेटला नव्हता.

कारण याआधी एका मोठ्या दुकानात "जळगावचं जीआयवालं भरीत वांगं" अशी पाटी लावून वर तोंडी सेंद्रिय म्हणून विकलेलं मी पाहिलंय. आपल्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मलाही अभिमान आहे, पण जीआय म्हणजे माल कुठला ते, शेतात काय फवारलं ते नाही! सेंद्रिय बघायचं असेल तर पाकिटावर सेंद्रियचा सरकारी लोगो बघा.

या दुकानात फळ्याच वेगळ्या केल्यात. एकीकडे सर्टिफिकेटवालं, दुसरीकडे जवळच्या गावांतलं, गावाचं नाव खडूने लिहिलेलं. मधल्या छोट्या फळीवर "बदल चालू" असं लिहिलंय, म्हणजे शेतकऱ्याने रासायनिक खत-औषध बंद केलंय पण सर्टिफिकेट अजून हातात नाही. त्याला पिकानुसार दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात उतारा कमी आणि शेतकऱ्याला बाजारात भावही साधाच, म्हणून तिथली दादर ज्वारी मी मुद्दाम घेते, किलोमागे थोडे जास्त गेले तरी चालतात. याच दिवसांत त्या माणसाला गिऱ्हाईक पाहिजे ना. यातले काही शेतकरी पीजीएस या सेंद्रिय हमीच्या सरकारी योजनेच्या गटात आहेत, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, लहान शेतकऱ्याला ते परवडतं.

आता एक स्टार का कापला ते. सर्टिफिकेटवाल्या फळीवरची तूरडाळ, उडीदडाळ दुसऱ्या राज्यातून येते. अहो, खान्देशात उडीद पिकतो, आपल्या कळण्याच्या पिठात तोच जातो, आणि मी शेकडो किलोमीटरवरून प्लास्टिकच्या पाकिटात आलेला उडीद दीडपट भावाने का घ्यावा? भाऊंचं म्हणणं की लोगो पाहिल्याशिवाय घेत नाहीत असे गिऱ्हाईक आहेत आणि इथल्या लहान शेतकऱ्यांकडे लोगो नाही. पटतं, पण अर्धंच. पाच-सात शेतकऱ्यांचा गट करून उडीद लावायला सांगा, पेरणीच्या आधीच किती उचलणार ते सांगा, मी वर्षाचा उडीद आगाऊ पैसे देऊन बुक करायला तयार आहे आणि आमच्या कॉलनीतल्या अजून चौघी आहेत.

मे महिन्यात पालेभाजी जवळपास नसतेच, पंचेचाळीस डिग्रीत मेथी कुठून येणार, तेव्हा नाशिककडून मागवतात आणि तसं पाटीवर लिहितात. तो राग नाही माझा. केळी मात्र डोळे झाकून घ्या, रावेरकडची, कार्बाइड घालून पिकवलेली नाहीत, पिकायला वेळ घेतात म्हणून सोमवारी नेलेली गुरुवारी खा.

सकाळी नऊच्या आत जा, भाजी नंतर उरत नाही.